उरलेली चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. देवीला सांगायची गरजच नव्हती — तिच्यासमोरच घडलं सगळं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कमलला ओळखत नाही.

कमल माझी धाकटी बहीण. वर्षानं लहान, पण वर्ग एकच. ऐंशीच्या दशकात घनसावंगीजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघी एकदमच बारावी झालो, आणि दोघींचाही जालन्याला डी.एड.ला नंबर लागला. मार्क तिचे जास्त — हे आधीच सांगून टाकते, नंतर जीभ रेटायची नाही. आई नव्हती. दादांना, म्हणजे वडिलांना, लकवा मारलेला. एकीला घरी राहावं लागणार होतं. कुणी, ते दादांच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाले, "देवीपुढं चिठ्ठ्या टाका. जिचं नाव निघंल ती शिकंल."

अक्षर माझं चांगलं, म्हणून चिठ्ठ्या लिहायला मी बसले. पहिलीवर माझं नाव लिहिलं. दुसरीवर — काय सांगू? दुसरीवरही माझंच लिहिलं.

कमलनं डोळे मिटून एक उचलली. उरलेली मी मुठीत घेतली आणि प्रसादाच्या खोबऱ्याबरोबर चावून गिळून टाकली. कमलनंच माझ्या तोंडात साखर घातली. रडली नाही हो ती. रडली असती तर मी खरं बोलले असते का? मला नाही वाटत.

मी मास्तरीण झाले. पोरींना वर्गात सांगत आले, आपलं आयुष्य आपल्या हातात असतं. कमलनं दादा जाईपर्यंत त्यांचा गू-मूत काढला. मग हसनाबादला एका बिजवराला दिली तिला. एकदा मीच खोदून विचारलं, वाईट वाटतं का गं? तर म्हणाली, "म्या माह्या हातानं उचलली ना, अक्का. मंग कोणाला बोल लावू?"

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. हेही कपाळी लिहिलेलंच असेल, माझा हात दुसऱ्याच कुणी चालवला असेल — माणसाच्या हातात असतं तरी काय? पण मला आठवतं ना. दुसऱ्या चिठ्ठीवर पेन टेकवून मी थांबले होते. बाहेर शेळी ओरडत होती. बराच वेळ ओरडली. तेवढ्या वेळात मला कमलचं नाव लिहिता आलं असतं.

आणि अजून एक आहे. दोन वर्षांपूर्वी कमलच्या घरात तिच्या पोरीवरून वाद पेटला — शिकवायचं की उजवायचं? कमलनं मला बोलावून घेतलं. "अक्का, चिठ्ठ्या तूच लिही. तुह्या हातावर माहा भरवसा हाय."

पेन पुन्हा थांबला. कमल समोरच बसली होती. खरं सांगायला याहून कुठली वेळ हवी होती? मी दोन्ही चिठ्ठ्यांवर 'शिकवायचं' लिहिलं. उरलेली गिळली, या वेळी पाण्याबरोबर.

पोर आता जालन्याला शिकते. कमल शेजारणींना कौतुकानं सांगते, "देवीनं मला न्हाई दिलं, पण माह्या पोरीला दिलं." मी तिच्याजवळच बसलेली असते. मान डोलावते.