सागवानी चाकाची मागची बाजू

वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, निदान वर्तमानपत्र तरी नीट वाचतात. सागवानरावांनी लोकांना तुच्छ लेखायचं काम हाती घेतलं. हे नाव त्यांना छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांच्या मंडळाने ठेवलं होतं, आणि ती टिंगल आहे हे मंडळात त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

कारण चाकं. फार जुन्या रेल्वे डब्यांच्या चाकांचा मधला भाग लाकडाचा असे. मधल्या लोखंडी तुंब्याभोवती सागाच्या सोळा पाचरी ठासून बसवायच्या आणि बाहेरून पोलादी धाव, म्हणजे कडं, चढवायची. असं चाक फारसं खडखडत नसे. मंडळातले बाकीचे आपल्या डब्यांना तयार प्लास्टिकची चाकं लावून वर तपकिरी रंग फासत. सागवानराव मात्र नाण्याएवढ्या चाकात खऱ्या सागाच्या पाचरी चिमट्याने बसवत, आणि तेही जेवणाच्या टेबलावर. बायको ताट मांडीवर घेऊन जेवायची. लेक नवं बाळ दाखवायला घेऊन आली, तेव्हा आजोबा पहिलं वाक्य बोलले ते, त्याला डब्यापासून जरा लांब धर. बायकोने लेकीकडे पाहिलं आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

मंडळातल्या दंतवैद्यावर त्यांचा विशेष राग. हा माणूस दिवसभर लोकांना कवळ्या बसवतो आणि संध्याकाळी डब्यांनाही, असं ते त्याच्यासमोरच म्हणत. मंडळाच्या मोठ्या टेबलावर मांडलेल्या रुळांचे सिग्नल त्या दंतवैद्यानेच बसवले होते. एका रुळातून दुसऱ्या रुळात चाकांमधून बारीक वीज गेली, की मार्गावर गाडी उभी आहे हे सिग्नलला कळे आणि तो लाल होई. प्लास्टिकमधून किंवा लाकडातून वीज जात नाही, म्हणून प्रत्येकाने चाकाच्या मागे तुंब्यापासून धावेपर्यंत तांब्याची बारीक पट्टी लावायची, असा मंडळाचा नियम होता.

सागवानरावांनी उभा जन्म वीज कंपनीत काढला होता. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण सागवानावर तांब्याचं ठिगळ? त्यांनी बैठकीत सांगितलं की खऱ्या डब्यांनाही पट्ट्या पुढे सिग्नलसाठीच आल्या, आणि त्यांचा डबा त्याच्या आधीच्या काळातला आहे.

"मग तो त्या काळच्या रुळांवर चालवा," दंतवैद्य म्हणाला. "इथले सिग्नल आजचे आहेत."

 पण सागवानरावांचा जीव रेल्वे संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात अडकला होता. तिथे एक खरा जुना डबा होता आणि त्याच्या शेजारी हे रिकामं कपाट. मंडळाच्या प्रदर्शनात जो डबा सर्वांत अस्सल ठरेल, तो त्यात कायमचा राहील, असं संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी जाहीर केलं होतं. आपण गेल्यावरही लोक वाकून वाकून आपलं काम बघतील, या कल्पनेने सागवानरावांना झोप लागत नसे.

प्रदर्शनाच्या दिवशी इंजिनाने त्यांचा बिनपट्टीचा डबा फलाटाला आणून सोडला आणि ते एकटंच पुढे निघून गेलं. बाई भिंग घेऊन वाकल्या. सागवानराव पाचरींच्या रेषांबद्दल बोलू लागले आणि थांबेनात. इंजिन गेल्यावर सिग्नलच्या लेखी तिथे काहीच उभं नव्हतं. तो हिरवा झाला, आणि दंतवैद्याची कवळीवाली एक्स्प्रेस वळणावरून आली ती थेट डब्यात घुसली. छप्पर बाईंच्या चपलेजवळ पडलं.

कुणी हसलं नाही. सागवानरावांना तेच जास्त लागलं. ते गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करत राहिले आणि मग एक चाक उचलून त्यांनी बाईंपुढे धरलं. "बघा. एकही पाचर हललेली नाही."

हे मात्र खरं होतं. बाईंनी चाक उलटसुलट करून पाहिलं. चाकं कपाटात ठेवायला बाई तयार होत्या, पण शेजारच्या खऱ्या डब्याला आहे तशी पट्टी लावून आणली तरच. नाहीतर कपाट दंतवैद्याला.

चार दिवस सागवानराव घरात कुणाशी बोलले नाहीत, म्हणजे बायकोला चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी त्यांनी टेबलावर तांब्याची तार ठोकून चपटी केली आणि चाकांच्या मागच्या बाजूला पट्ट्या डकवल्या, हातात काहीतरी घाणेरडं धरल्यासारखं तोंड करून. मागची बाजू भिंतीकडे राहील, तेव्हा कोण बघतंय, असं त्यांनी बायकोला ऐकवलं. तिने मान डोलावली.

कपाट उघडलं त्या दिवशी ते तिला मुद्दाम घेऊन गेले. चाकं दिमाखात उभी होती, साग चकाकत होता. बायको वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. तिचा असा रस त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांची छाती थोडी फुगली.

"पट्ट्या छान बसल्यात हो," ती म्हणाली. "मागे आरसा लावलाय त्यांनी."