तीन ओळी वाचून मारलेला शेरा

केडगावचे शामकांत सर निवृत्त झाले, पण पेपर तपासायची खोड काही गेली नाही. चौतीस वर्षं मराठीचे गठ्ठे उपसलेला माणूस; पहिल्या तीन ओळी वाचायच्या आणि समासात शेरा मारायचा, यात हातच बसलेला. आता फेसबुकवर जिल्ह्याच्या ग्रुपमध्ये ते तेच करत. 'पुरावा?' 'पुनरुक्ती.' लोक वाहवा करत, आणि सरांना, खोटं कशाला बोला, ते गोड वाटे.

त्या आठवड्यात वाद पेटला तो शाळा सकाळी सातला भरवावी का, यावर. तिसगावच्या साळूबाईंनी नातीकडून, सृष्टीकडून, लांबलचक मजकूर टाइप करून घेतला. सुरुवात गाईच्या धारेपासून. सरांनी खाली लिहिलं, 'विषयांतर.' दुपारपर्यंत त्या एका शब्दाला तीनशे हसरे चेहरे चिकटले. एकानं तर म्हातारीला दुधाचा भावही विचारला.

संध्याकाळी सृष्टीनं खाली लिहिलं, 'सर, आजी लई रडली. उद्या ग्रामसभेत हेच बोलनार हुती, आता जायचं न्हाई म्हनती.'

सरांच्या बायकोनं, नीलांबरीनं, चष्मा लावून साळूबाईंचा मजकूर मोठ्यानं शेवटपर्यंत वाचला. डेअरीची गाडी पहाटे येते, धारा आवरेपर्यंत घरचं कुणी मोकळं नसतं, म्हणून सातची शाळा झाली तर सृष्टीला अंधारात तुरीच्या रानातून तीन किलोमीटर एकटीनं जावं लागेल. मागल्या महिन्यात त्याच वाटेवर बिबट्यानं शेजाऱ्यांचं कुत्रं उचललं.

"हे विषयांतर?" तिनं विचारलं.

लाजेनं सरांचे कान तापले. "पुसून टाकतो," ते पुटपुटले.

"तुम्ही पुसाल हो. पण जे हसले, त्यांना कसं कळायचं?"

मग सरांनी तिथंच, सगळ्यांसमोर लिहिलं, 'मी तीन ओळी वाचून शेरा मारला. चूक माझी. या वादात सगळ्यांत मोलाचं साळूबाईंनी लिहिलंय.' पुढं धारा, तुरीतली दोन किलोमीटरची वाट, बिबट्या, सगळं नीट मांडलं. हसणाऱ्यांपैकी फारसं कुणी तिकडं फिरकलं नाही.

तासाभरानं साळूबाईंचं उत्तर आलं. 'सर, वाट दोन न्हाई, तीन किलोमीटर हाय. तेवढं दुरुस्त करा. उद्या सभेत मी तीनच सांगनार, कुनी तुमचं काढून दाखवलं तर मला खोटं पाडतील.'

सरांनी घाईघाईनं आकडा बदलला, आणि या वेळी साळूबाईंचा मजकूर स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला.