टेपमधला मुलगा

परवा माझी नात फोनशी गप्पा मारत बसली होती. फोन तिला उत्तरं देत होता, तिची समजूतही काढत होता. घरचे कौतुकाने हसले. माझा हात मात्र आपसूक डाव्या दंडावरच्या वणाकडे गेला.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. लग्न होऊन मी वसईतल्या वाडीत आले, तेव्हा थोरले दीर आखातात नोकरीला होते. त्यांनी सासूबाईंना टेपरेकॉर्डर आणि स्वतःच्या आवाजाच्या कॅसेट पाठवल्या. ते प्रश्न विचारायचे आणि आईला उत्तर देता यावं म्हणून थांबायचे. "आय, गुडघे दुखतात का गं?" मग नुसती खरखर. तेवढ्यात सासूबाई सांगायच्या, "दुखतात रे बाबा, झोपच नाही." टेप म्हणायचा, "जप हं." रोज तेच प्रश्न, तरी त्यांची उत्तरं दरवेळी नवी. कोणी मधे बोललं की खेकसायच्या.

माझा नवरा धाकटा. केळीची बाग तोच सांभाळायचा. एका दुपारी बागेत कोयता निसटून त्याच्या पायावर बसला. रक्ताळलेला पाय ओढत, कोयता हातात तसाच धरून तो आत आला.

"आय, फडकं दे गं."

"थांब, तो बोलतोय," सासूबाई म्हणाल्या. मानही वळवली नाही.

त्याने तोच कोयता टेपवर घातला. झाकण उडालं, फीत बाहेर लोंबली, तरी तो घाव घालतच राहिला.

"माझ्या पोराला मारलंस!" सासूबाई किंचाळल्या आणि वरवंटा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा दात पडला. त्याने त्यांना भिंतीवर आपटलं, गळा धरला. "मग मी कोण? सांग, मी कोण तुझा?" त्या त्याच्या मनगटाला चावत होत्या. मी मधे पडले. कोयता तेव्हा कोणाच्या हातात होता, हे आजही सांगता येत नाही. माझा दंड फाटला, तरी दोघं थांबेनात. शेजाऱ्यांनी येऊन त्यांना ओढून वेगळं केलं.

कळल्यावर दीर रजा काढून आले, नवा टेप घेऊन. पण प्रत्यक्षातले दीर थांबत नसत. सासूबाई दुखणं सांगू लागल्या की ते म्हणत, "हो आय, कळलं." एका सकाळी सासूबाईंनी जेवणाचं ताट त्यांच्या अंगावर फेकलं.

"तू तो नव्हेस! तो माझं पुरतं ऐकून घ्यायचा!"

आणि नवा टेप उचलून त्यांनी विहिरीत टाकला. दीर रजा संपण्याआधीच निघून गेले.

पुढे सासूबाई आणि माझा नवरा, हे मायलेक रोज भांडायचे. त्यांनी शिवी दिली की तो तितक्याच जोरात उलटून द्यायचा, आणि त्या आणखी पेटायच्या. घरात शांतता अशी कधी आलीच नाही. शेवटच्या आजारात मात्र माझ्या हातची पेज सासूबाई थुंकून टाकायच्या. त्याच्याच हातची घ्यायच्या. तो त्यांचं डोकं मांडीवर घेऊन भरवायचा, आणि दोघं एकमेकांना शिव्या घालत असायचे.