वहिनीचं झुंबर

दिव्यांच्या त्या दुकानात तिला सगळे टेपबाई म्हणायचे. मालक म्हणायचे, माल उतरवणारे म्हणायचे. एका गिऱ्हाइकाने तर फोनवर "टेपबाई आहेत का?" असं विचारलं, आणि तिने शांतपणे "बोलतेय" म्हणून सांगितलं. पर्समध्ये मोजायची टेप कायम असायची. झुंबर घ्यायला कोणी आलं की ती आधी झुंबरं दाखवायचीच नाही. खोली किती बाय किती, छत किती उंच, सोफा नक्षीचा की साधा, पडदे कसले, हे सगळं विचारून झाल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला मान वर करू देत नसे. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजायची, दोन्हींची बेरीज करायची; जितके फूट येतील तितके इंच झुंबराची रुंदी. माणूस खालून ताठ चालत गेला पाहिजे, म्हणून जमिनीपासून सात फूट मोकळे ठेवायचे. आणि नक्षीच्या जड फर्निचरवर सडपातळ लोखंडी दिवा टांगायचा नाही. बावीस वर्षांत तिने हे कोणाच्या बाबतीत सोडलं नव्हतं. सोडलं ते एकाच माणसाच्या बाबतीत, आणि ते माणूस म्हणजे तिची वहिनी.

वहिनी घरात आली तेव्हा टेपबाई नऊ वर्षांची होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. दादा कामावर गेला की घरात या दोघीच. वहिनी शिवणकाम करायची, आणि मशीन चालवता चालवता हिच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. स्वतः शाळेत फार गेलेली नव्हती, त्यामुळे पाढा चुकला तरी तिला कळायचं नाही; पण ही अडखळली की तिला बरोबर कळायचं. शाळेत पालकांना बोलावलं की वहिनी जायची. मोठमोठ्या फुलांचे कपडे घालायची, मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची. तेव्हा टेपबाई तिचं बोट धरून वर्गावर्गात फिरायची आणि सांगायची, "ही माझी वहिनी."

उतारवयात दादा-वहिनींनी स्वतःचं घर बांधलं. दोन वर्षं काम चाललं होतं. टेपबाई एकदाच बघायला गेली, तेव्हा नुसते खांब उभे होते. मग दुकान, मुलाच्या परीक्षा, नवऱ्याची बदली, असं एकेक निघत गेलं आणि जायचं राहून गेलं.

एका शनिवारी, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती अशा वेळी, वहिनी आली. दोन बस बदलून आली होती. तेव्हा टेपबाईच्या समोर इंटिरियरवाल्या मॅडम बसल्या होत्या. या मॅडम मोठमोठ्या घरांची कामं घ्यायच्या आणि एकेका घराचे सगळे दिवे इथून न्यायच्या. फार हळू बोलायच्या. त्यांच्यासमोर टेपबाईचाही आवाज आपोआप खाली यायचा.

"धाकटे!" वहिनीने दारातूनच हाक मारली. दुकानातली निम्मी माणसं वळून बघायला लागली.

टेपबाई उठून पुढे गेली खरी, पण हसली ती अर्धवटच. वहिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मधल्या मोठ्या झुंबरासमोर उभी होती. तीन थरांचं, काचेच्या लोलकांचं, पितळी दांड्याचं. तिने हात वर करून एक लोलक हळूच हलवला. त्याने शेजारचा हलवला, आणि सगळं झुंबर किणकिणलं.

"अगं, हे बोलतंय बघ," वहिनी म्हणाली. "हेच पाहिजे मला. मी मापं आणलीत." आणि ती पिशवीत कागद शोधायला लागली.

"हात नको लावू वहिनी," टेपबाई दबक्या आवाजात म्हणाली. आणि मग, मॅडम बघतायत हे लक्षात येऊन, जरा मोठ्याने, थट्टेच्या सुरात, "हे लग्नाच्या हॉलात लावतात. घरात लावलंस तर लोक आहेर घेऊन येतील."

मॅडम हसल्या. शेजारचं एक जोडपं हसलं. वहिनीही हसली, तोंडावर हात ठेवून. पिशवीतला हात तिने रिकामाच बाहेर काढला.

"कोण आहेत या?" मॅडमनी विचारलं.

"ओळखीच्या आहेत," टेपबाई म्हणाली.

असं का म्हणाली, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. शब्द तोंडातून गेले आणि ती लगबगीने वहिनीला दुसऱ्या रांगेत घेऊन गेली. तिथे काळ्या लोखंडी कड्याचा, तीन दिव्यांचा एक नवा नमुना टांगलेला होता. मॅडम हल्ली सगळीकडे तोच लावत होत्या. "हल्ली हेच चालतं," टेपबाई म्हणाली. खोली किती, छत किती, सोफा कसला, एक अक्षर तिने विचारलं नाही. वहिनीने त्या कड्याकडे बघितलं.

"तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली. "तू म्हणशील ते." एवढं बोलून ती ते कडं घेऊन गेली. जाताना हळू बोलत होती.

तीन आठवड्यांनी एका रविवारी टेपबाई नव्या घरी जेवायला गेली. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिने सवयीने खोली न्याहाळली. समोर नक्षीदार लाकडी सोफा, जुना, पॉलिश करून चकचकीत केलेला. काचेच्या दारांचं कपाट. भिंतींना फिका बदामी रंग, खिडक्यांना वहिनीने स्वतः शिवलेले झालरीचे जड पडदे. आणि या सगळ्याच्या मधोमध ते काळं कडं.

"कसं वाटतंय?" दादा म्हणाला. "मला तर बाबा गाडीचं स्टिअरिंग टांगल्यासारखं वाटतं. मी हिला म्हटलं, बरं झालं, घर चालवायला लागतंच."

"काहीतरीच तुमचं," वहिनी म्हणाली. "सगळे छान म्हणतात." आणि ती वाढायला आत गेली.

टेपबाईने मान वर केली. त्या हलक्या कड्यासाठी छतात अंगठ्याएवढ्या जाडीचा लोखंडी हूक होता.

"एवढा हूक कशाला रे, दादा?"

"तो होय? हिचा हट्ट. स्लॅब पडत होता तेव्हा गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून बसवून घेतला. स्लॅब पक्का झाल्यावर त्याला दिवसभर सिमेंटचं पोतं टांगून ठेवलं. या खोलीचं छतही तिनेच उंच करून घेतलं. तुझ्या दुकानाच्या काचेतून म्हणे एकदा एक झुंबर बघितलं होतं. तेव्हापासून डोक्यात घेतलेलं."

दादा हात धुवायला गेला. टेपबाईने पर्समधून टेप काढली. खोली अठरा बाय चौदा भरली. बेरीज बत्तीस. छताला टेप लावायला ती खुर्चीवर चढली. साडेदहा फूट. त्या लोलकांच्या झुंबराची मापं तिला तोंडपाठ होती: रुंदी बत्तीस इंच, उंची तीन फूट. खाली साडेसात फूट मोकळे राहिले असते. तिच्याच नियमांनी ते झुंबर या खोलीत तंतोतंत बसत होतं, आणि नक्षीशी, पडद्यांशी, कपाटाशी त्याचं जमलंही असतं. वहिनीने हे सगळं घरातल्या शिवणाच्या टेपने मोजून कागदावर लिहून आणलं होतं, आणि तो कागद पिशवीतून बाहेरसुद्धा आला नव्हता.

तिने अर्धी पोळी खाऊन ताट बाजूला सारलं. वहिनीने दोनदा आग्रह केला, मग कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. त्या हाताने टेपबाईला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. ती सकाळीच परत आली. दादा बाहेर गेला होता, वहिनी मशीनवर बसली होती.

"वहिनी, त्या दिवशी मी तुझं काही ऐकून घेतलं नाही."

"कुठल्या दिवशी?" वहिनीने सुईखालचं कापड पुढे सरकवलं. "गर्दी होती तुला."

"गर्दीचं नाही. मला त्या बाईंसमोर लाज वाटली. तुझी. आणि मी त्यांना सांगितलं की..."

"ओळखीच्या आहेत," वहिनी म्हणाली. "ऐकलं मी. डोळे अधू झालेत, कान नाही."

मशीन थांबलं. टेपबाईला वाटलं, आता ती रागावेल, आणि रागावली तर बरं होईल. वहिनी रागावली नाही.

"बसमध्ये मला रडू आलं," ती साध्या आवाजात म्हणाली. "मग वाटलं, माझंच चुकलं. तुझं कामाचं ठिकाण, मी हाका मारत आले. यांना काही सांगितलं नाही मी. तूही सांगू नकोस."

"तुझं काही चुकलं नाही गं, वहिनी."

"बरं," वहिनी म्हणाली, जशी एखाद्या हट्टी मुलाची समजूत काढावी तशी. टेपबाई तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण "जाऊ दे" असं काही म्हणाली नाही.

ते झुंबर मंगळवारी बघितलं तर विकलं गेलेलं होतं. तसलं दुसरं यायचं नव्हतं. कारखान्याने तो नमुनाच बंद केला होता. टेपबाईने मालकांना सांगितलं, मॅडमनाही सांगितलं, की त्या दिवशी आल्या होत्या त्या माझ्या वहिनी, मला लहानाची मोठी करणाऱ्या. मॅडमना तो दिवस आठवेना. "हो का?" म्हणाल्या आणि नमुने बघायला लागल्या. टेपबाईला सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं, ते काही झालं नाही.

मग ती लोलकांच्या झुंबरांचे फोटो घेऊन दर रविवारी वहिनीकडे जायला लागली. वहिनी चष्मा पुसून एकेक बघायची. "तुला कुठलं वाटतं?" असं तिने विचारलं की टेपबाई फोटो तिच्याकडेच सरकवायची. चौथ्या रविवारी वहिनीने दोन थरांच्या एकावर बोट ठेवलं. पहिल्याइतकं भारदस्त नव्हतं, पण तिचं तिने निवडलेलं होतं. ते लावलं तेव्हा टेपबाईने शिडीवर चढून एकेक लोलक स्वतः अडकवला. कडं दादाने व्हरांड्यात नेऊन लावलं. खोली उजळली. वहिनी सोफ्यावर बसून वर बघत राहिली आणि म्हणाली, "छान झालं गं." ते मनापासून होतं, यात शंका नाही.

पण दुकानात ती पुन्हा आलेली नाही. टेपबाई दर महिन्याला बोलावते, नवा माल आलाय, बघायला तरी ये म्हणते. "येईन गं," वहिनी म्हणते, "गुडघे जरा बरे होऊ देत." त्याच गुडघ्यांनी ती रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला दोन जिने चढते आणि उतरते, हे टेपबाईला माहीत आहे. ती "बरं," म्हणते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावते.