गौरवीचा पुढचा ब्रेक

माझी सून गौरवी डिचोलीच्या स्टँडवर पायलट आहे. म्हणजे मोटरसायकलवर मागे भाडं बसवायचं आणि हवं तिथं सोडायचं. बाईमाणूस आणि पायलट, म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्या तोंडावर शिरां पडो! मी तिची सासू चंद्रावती, अगदी बाजारात उभी राहून हे सांगेन. सांगितलंही आहे.

गाडी माझ्या राजेशची, तिच्या नवऱ्याची. मडगार्ड पिवळा, आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेकची ती चकचकीत चकती. किती मिरवायचा तो! पण आमचे रस्ते खाणीच्या ट्रकांचे. पावसात तांबडा चिखल त्या ब्रेकात जाऊन बसायचा, आणि मूठ सोडली तरी ब्रेक चकतीला धरूनच. गाडी जड व्हायची, चाक चटका बसेल इतकं तापायचं, पेट्रोल तर घटाघटा प्यायची. रोज साफ कोण करत बसणार? स्टँडवरच्या दादल्यांनी सोपा उपाय काढलेला. पुढचा ब्रेक काढूनच टाकायचा, मागचा पुरे. वर शहाणपण काय, तर पुढचा दाबला की माणूस तोंडावर आपटतो. राजेशनेही काढला. मग एका पावसात बाजाराच्या उतारावर पुढचा ट्रक थांबला, आणि माझा पोर थांबू शकला नाही.

गौरवी इब्रामपूरची, शेतकऱ्याची मुलगी. भावाची मोटरसायकल चालवायला माहेरीच शिकलेली. वर्षश्राद्ध झालं आणि तिनं मोडकी गाडी दुरुस्त करून घेतली, लायसन काढलं. पुढचा ब्रेक आधी बसवून घेतला. चिखलातून आली की अंगणात बसून ब्रश घेऊन तो ब्रेक असा धुवायची, जशी मी देवाची भांडी घासते. मग चाक उचलून एका बोटानं फिरवायची. भिरभिर फिरलं की म्हणायची, "धरत नाही हो आई." एकदा मी म्हटलं, थोडं खोबरेल घालू काय? तर अंगावरच आली. "ब्रेकाला तेल? मग गाडी थांबेल कशी? देवाची शपथ आहे, हात लावू नका!"

स्टँडचा म्होरक्या धाकू. तो म्हणाला, "लायनीत ये. राजेशची बायल, आम्ही नाही म्हणणार नाही. पण पुढचा ब्रेक काढून ये. तू घाबरून दाबणार, भाडं रस्त्यावर पडणार, आणि नाव जाणार स्टँडचं."

"नाही काढणार," गौरवी म्हणाली.

"मग लायन नाही."

लायन नाही म्हणजे नंबर नाही, भाडं नाही, आणि भाडं नाही म्हणजे आमची चूल थंड. ती पोर रोज जाऊन स्टँडच्या बाहेर उन्हात उभी राहायची. कुणी तिच्याकडे वळलं की पायलट हाका मारून आपल्याकडे ओढायचे. दोन घरची भांडी घासून मी पेज शिजवत होते, पण असं किती दिवस?

एका सकाळी बघते तर ती अंगणात पाना घेऊन बसलेली. डोळे भरलेले. "काढते, आई. डब्यात तांदूळ नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "ठेव तो पाना! ज्या अकलेनं माझा पोर नेला, तिच्यापुढं तू मान घालणार? उपाशी मरू, पण तो ब्रेक निघणार नाही. उठ. मला मागे बसव आणि त्याच उतारावरून ने."

जन्मात मी मोटरसायकलवर बसले नव्हते. राजेश म्हणायचा, आई, एकदा बस तरी. मी भ्यायचे. त्या दिवशी लुगडं खोचलं आणि बसले. उतारावर आमच्या पुढे मालानं भरलेला ट्रक, आणि मेला मध्येच थांबला. मी डोळे मिटून सातेरी देवीचं नाव घेतलं. गौरवीनं दोन्ही ब्रेक दाबले. माझं कपाळ तिच्या पाठीला टेकलं आणि गाडी उभी राहिली. डोळे उघडले तर ट्रक हातभर लांब. इथंच माझा राजेश... मी तशीच रडले, रस्त्यात, मोठ्यानं.

डोळे पुसून मी तिला स्टँडवर न्यायला लावलं. गाडी थेट लायनीच्या शेवटी लावली. धाकू तरातरा आला. "काकी, उतरा. हे बरं नव्हे."

"उतरणार नाही," मी म्हटलं. "राजेशच्या मयताला तू खांदा दिलास ना रे? आता सांग ह्या पोरीला, ब्रेक काढ म्हणून. माझ्या समोर सांग!"

तो चाकाकडे बघत राहिला. लायन पुढे सरकली तशी गौरवीनं गाडी पुढे ढकलली, मी वर बसलेली. कमर मोडून गेली माझी, पण उतरले नाही. पुढच्या गाड्या एकेक करून गेल्या आणि आमचा नंबर लागला. बाजाराच्या पिशव्या घेऊन एक बाई आली, आणि धाकूनं मान खाली घालून आमच्याकडे हात केला.

तेव्हा मी उतरले. त्या बाईला म्हटलं, "बस गो बाय. हिची गाडी थांबते."