रांगोळीतला पलंग

सन १९८६, मार्च महिना, उन्हाची तलखी नुकती सुरू झालेली. आमच्या थोरल्या नलिनीचे लग्न कुंभार पिंपळगावच्या घरी ठरले आणि तिला सागवानी पलंग द्यायचा, असे ह्यांनी जाहीर केले. पलंग केवढा, ते ठरले. खोली केवढी, ते कोणी विचारले नाही. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत असे किस्से जमायला वेळ लागत नसे, कारण लोक आधी वस्तू आणत आणि मग दाराकडे पाहत.

शेजारच्या मालतीबाईंचेच घ्या. त्यांचे लोखंडी कपाट खोलीत गेले खरे, पण समोर दिवाण असल्यामुळे त्याचे दार वीतभरच उघडे. त्या फटीतून हात घालून त्या साडी ओढून काढत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, अंगाची लाही होत असताना, त्या जरीचा शालू नेसून आल्या. बायकांनी कारण विचारले.

"हाताला लागला तो नेसले," त्या म्हणाल्या. "उद्या काय लागंल, मलाच ठाऊक न्हाई."

आमच्या घरी असे चालत नसे. मोठी वस्तू घ्यायची, तर सुतळीने माप घेऊन तिची चौकट आधी रांगोळीने जमिनीवर काढायची आणि आठवडाभर सर्वांनी तिच्या कडेने वावरायचे, हा माझा नियम. मॅट्रिकला भूमिती हा माझा आवडता विषय होता. तिचा संसारात उपयोग करू नये, असे कोणी सांगितले नव्हते.

सोफ्याची रांगोळी काढलेली असताना ह्यांचे मित्र, मोंढ्याच्या धान्यबाजारातले रहीमभाई, आले. चौकटीपाशी थबकले, चपला काढल्या आणि अदबीने म्हणाले, "भाभी, बसू का बाजूनं जाऊ?"

हे मात्र कचेरीतून आले, की सरळ सोफ्यावरून चालत जात. पांढरी पावले थेट स्वयंपाकघरापर्यंत उमटत. सोफा आला नाही. दोन खुर्च्या आल्या. त्या आजही आहेत.

नलिनीच्या सासरी जाऊन पलंगाची रांगोळी काढायची, असे मी म्हटले, तेव्हा हे हादरलेच.

"लग्नाआधी व्याह्यांची खोली मोजणार? सोयरीक मोडेल."

"मोडायची असेल तर आत्ताच मोडू द्या. नंतर मुलगी अडकून पडायला नको."

हे दिवसभर कुरकुरत राहिले. पण एसटीची तिकिटे त्यांनीच काढली.

गेलो तो पाडव्याचा दिवस. विहीणबाई करारी, त्यांनी नव्या जोडप्याची खोली दाखवली. मी पदर खोचून चौकट काढली. पलंगाने खोली व्यापली, भिंतीलगत पाऊलभर पट्टी उरली. सगळे घर दारात गोळा झाले.

"आमच्या घरात खोट काढायला आल्ता का, ताई?" विहीणबाईंनी विचारले.

"नाही. माझ्या लेकीला उभे राहायला किती जागा उरते, तेवढे पाहायला आले."

ह्यांनी टोपी डोक्यावर चढवली, निघण्याचीच तयारी. विहीणबाई मात्र आत आल्या. रांगोळी न मोडता त्या पट्टीत जाऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी खोली एकदा नीट पाहिली.

मग त्यांनी माझ्या हातातली रांगोळीची वाटी घेतली आणि त्या पलीकडे, आपल्या स्वतःच्या प्रशस्त खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेले. वाटी खाली ठेवून तिथली आपली बाज त्यांनी एकटीनेच उचलून अंगणात नेऊन टाकली, आणि वाटी मला परत दिली.

"इथं काढा," त्या म्हणाल्या. "अन् जल्दी काढा, पोळ्या थंड होऊन राह्यल्या."