डाव्या चाकाची पिन

माझ्या ताईचा नवरा गाड्यांची स्टेअरिंगं आणि सस्पेन्शनं दुरुस्त करतो. बाजारात सगळे त्यांना शंकासुर म्हणतात. मी अर्थातच भाऊजी म्हणतो, निदान तोंडावर तरी. त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे त्यांच्या शंकांचा पहिला मारा रोज माझ्यावरच होतो.

"हा बुश नवा आहे कशावरून?" ते विचारणार. पाकीट माझ्यासमोर फाडणार, रबर नखाने दाबून बघणार, नाकाशी धरणार. गिऱ्हाईक म्हणालं की डावीकडून आवाज येतो, तर ते आधी उजवीकडचं चाक उचलतात. आधी चाकाला वरखाली धरून हलवायचं, मग आडवं धरून. मग गाडी स्वतः चालवत कोपऱ्यावरच्या फुटक्या गतिरोधकावर न्यायची, काचा खाली करून, डोळे बारीक करून. ताई म्हणते, "डबा उघडतानासुद्धा ह्यांचा चेहरा तसाच असतो."

पण त्यांच्या हातून गेलेली गाडी कधी परत आली नव्हती. म्हणून सिस्टरची गाडी परत आली तेव्हा ते हादरले.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन आजारी माणसांची ड्रेसिंगं आणि इंजेक्शनं करणारी नर्स. तिच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या चाकाचा टाय रॉड एंड भाऊजींनी बदलला होता. स्टेअरिंग फिरवलं की चाक वळवतो तो हा सांधा. त्याचा नट खाचांचा असतो, आणि तो फिरू नये म्हणून खाचेतून एक पिन घालून तिचे पाय दुमडतात. एवढीशी पिन, पण ती नसली की नट हळूहळू उलगडत जातो, आणि एक दिवस हातातलं स्टेअरिंग एकीकडे आणि चाक भलतीकडे.

दहा दिवसांत सिस्टर आली. "स्टेअरिंग सैल वाटतंय हो."

जॅक लावला. नट दोन आटे सुटलेला, आणि पिनेचा पत्ता नाही.

भाऊजी तडक माझ्या काउंटरवर. "कसल्या पिना विकतोस?"

"अख्खा बाजार ह्याच पिना वापरतो, भाऊजी."

त्यांनी चार पिना वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून पाहिल्या आणि पाचवी बसवली. तीन आठवड्यांनी गाडी परत. पुन्हा तेच. ह्या वेळी ते माझ्याकडे आले नाहीत. बराच वेळ गाडीखाली पडून राहिले, आणि बाहेर आले तेव्हा आवाज उतरला होता.

"पाय दुमडलेली पिन आपोआप पडत नाही. ही कुणीतरी काढलीय."

भाऊजींनी सिस्टरला विचारलं, "गाडीला घरी कोण हात लावतं?"

ती हसली. "कोण लावणार? घरात मी, बाबा आणि आमचे हे."

बाबा तिच्याबरोबरच आलेले होते. वजनमाप खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले, हात पाठीमागे बांधून उभे. भाऊजींच्या पान्याकडे बघून ते म्हणाले, "हा पाना बरोबर आवळतो, हे तुम्ही कधी तपासून घेतलंय?" दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर भाऊजींनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण म्हातारा त्यांना आवडला होता. "असा माणूस पाहिजे. कुणाच्या बोलण्यावर जात नाही."

तेव्हा राहिला जावई. घरजावईच, सायकलवरून कामाला जाणारा, अबोल. गाडी न्यायला तोच आला. किल्ली घ्यायला हात पुढे केला तेव्हा नखांत काळं ग्रीस. भाऊजींनी ते पाहिलं, मला डोळ्यांनी दाखवलं. मलाही ते खरं वाटलं, हे कबूल करतो.

दोन दिवसांनी सिस्टर रस्त्याने चालली होती. भाऊजींनी तिला हाक मारली. "सिस्टर, राग मानू नका. घरातल्या माणसाला गाडीपासून लांब ठेवा."

"कुठल्या माणसाला?"

"बाबा सोडून किती उरतात?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पर्स सावरत ती झपाझप निघून गेली. मी म्हटलं, "भाऊजी, पुराव्याशिवाय बोललात." ते म्हणाले, "पुरावा मिळेपर्यंत ती जिवंत राहिली पाहिजे ना?"

आठवड्याभरात कानावर आलं की जावई कपडे घेऊन बहिणीकडे राहायला गेला.

भाऊजींनी शेवटच्या वेळी पिन बसवताना नट आणि बोल्ट ह्यांच्यावरून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. नट तसूभर हलला तरी रेघ तुटावी म्हणून. महिन्याने गाडी तपासणीला आली तेव्हा जावई घर सोडून तीन आठवडे झाले होते. आणि रेघ तुटलेली होती.

पिनेच्या जागी ह्या वेळी काहीतरी होतं. दोन पदरी बारीक तार, सुबक पीळ दिलेली, टोक चपटं दाबलेलं. भाऊजींनी ती काढून माझ्या काउंटरवर ठेवली. नटबोल्ट मी वजनावर विकतो, त्यामुळे तराजू तिथेच होता. तराजूच्या बाजूला वजनमाप खात्याचं सील, आणि त्या सीलमध्ये अडकवलेली तार अगदी तशीच. तोच पीळ.

भाऊजींनी तार उचलून खिशात टाकली.

भर दुपारी आम्ही सिस्टरच्या घरी गेलो. ती कामावर होती, गाडी गॅरेजमध्येच. म्हातारा ओसरीवर पेपर वाचत होता. भाऊजींनी तार पुढे धरली.

"माझीच," तो शांतपणे म्हणाला. "तुमची पिन सरळ करताना दर वेळी तुटली. ह्या वेळी म्हटलं, मोकळं नको ठेवायला."

"पण काढलीत कशाला?"

"तपासायला. तुम्ही म्हणता नट आवळला. चाळीस वर्षांत मी कुणाच्या म्हणण्यावर माप पास केलं नाही. सैल केल्याशिवाय किती घट्ट आहे ते कळणार कसं? बघितलं, आणि पुन्हा आवळला की मी हातानं."

"हातानं!" भाऊजी ओरडले. "अहो, त्या गाडीत तुमची मुलगी बसते!"

"म्हणूनच तर तपासत होतो," म्हातारा म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला ते उमगलं असावं, कारण त्याने पेपर खाली ठेवला. मग ती तार मागून घेतली आणि मुठीत मिटली. मी आत जाऊन पाणी आणलं.

परतताना भाऊजी गॅरेजकडे वळलेच नाहीत. जावयाच्या बहिणीचं घर शोधत गेले. तो अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होता, हात मनगटापर्यंत काळे. भाऊजी त्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझं चुकलं. मी तुमच्या बायकोचे कान भरले." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ताईनेही नसेल.

त्याने चेन बसवून पेडल एकदा फिरवलं. "तुम्ही परके. तुम्ही काय वाटेल ते बोलाल. तिनं ऐकलं, त्याचं काय करू?"

भाऊजींनी सायकल सरळ करायला त्याला हात दिला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली ती कामाच्या पांढऱ्या कपड्यांतच. बाबांनी तिला सगळं सांगितलं होतं. भाऊजी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "ते कुठे असतं? मला दाखवा."

"मी बसवतो ना आत्ता नवी पिन."

"बसवा. पण मला बघायचंय. बाबांचं ऐकून झालं, तुमचंही ऐकून झालं."

भाऊजींनी जमिनीवर पुठ्ठा अंथरला. ती सरळ खाली आडवी झाली. भाऊजी शेजारी पडून टॉर्च धरत राहिले. नट कसा आवळायचा, खाच भोकासमोर कशी आणायची, पिनेचे पाय कुठल्या बाजूला दुमडायचे, सगळं त्यांनी सांगितलं, आणि तिने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. शेवटी पक्कड मागून घेऊन पाय स्वतःच दुमडले. उठली तेव्हा पाठीवर तेलाचा डाग पडला होता.

"आता कुठे निघालात?" मी विचारलं.

"ह्यांना आणायला," ती म्हणाली. "येतील की नाही, माहीत नाही."

तो पहिल्यांदा आला नाही. तिसऱ्या खेपेला आला.